परदेशी खरेदीवरची हुंडणावळ

शिवणयंत्राचे सुटे भाग असोत वा घड्याळदुरुस्तीची हत्यारे, आपले व्यापारी व कारागीर बांधव आता घरबसल्या परदेशी दुकानातून ऑनलाइन माल मागवतात. पैसे कार्डाने भरताना बँक आपली हुंडणावळ लावते. ती पुष्कळांच्या हिशेबात नसते.

समजा, माल 200 डॉलरचा आहे. डॉलरचा भाव 85 रुपये धरल्यास किंमत 17,000 रुपये. अनेक कार्डांवर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के असतो, म्हणजे 595 रुपये. त्या आकारावर 18 टक्के जीएसटी, सुमारे 107 रुपये. एकूण 702 रुपये जादा, सीमाशुल्क निराळे. हाच माल शेकडा दहा नफ्यावर विकणाऱ्याला 1,700 रुपये सुटायचे, त्यातले 702 येथेच गेले!

‘रुपयांत पैसे भरा’ असे दिसले तरी हुरळू नये. तेथे चलनाचा भाव बहुधा चढा लावतात. शिवाय दुकान परदेशी म्हणून काही बँका रुपयांतील व्यवहारावरही आकार घेतात.

म्हणून कार्डाचे दरपत्रक आधी वाचावे, दोन कार्डांचे आकार ताडून पाहावेत आणि हुंडणावळ खरेदीत धरूनच विक्रीचा भाव ठरवावा.