लेक लॅनियरचं खोल पाणी आणि खोटं आमिष



मंडळाच्या पिकनिकला कणसं भाजता भाजता कोणीतरी मला हमखास गाठतं. "काय हो, तुम्ही म्हणे बास पकडता? आम्ही जुलैत लॅनियरला गेलो होतो. दिवसभर उन्हात बसलो, दुकानातली सगळी ल्युअर टाकून पाहिली, एक मासा लागेल तर शपथ!" मी विचारतो, "किती फुटांवर टाकत होतात?" यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "किती फुटांवर म्हणजे? पाण्यात टाकत होतो!"

आजचा लेख या उत्तराबद्दलच आहे.

मी मूळचा कोकणातला. लहानपणी अण्णांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. गळाला कोळंबी लावायची, शिसं बांधायचं, दोरी सोडायची आणि वाट पाहायची. कोळंबीचा वास पसरायचा आणि मासा आपणहून शोधत यायचा. ल्युअरचं तसं नाही. ते प्लास्टिकचं, शिशाचं नाहीतर पत्र्याचं खोटं आमिष. त्यात जीव आपल्याला घालावा लागतो, आणि तेही माशाच्या अगदी समोर नेऊन. मासा तीस फुटांवर असेल आणि ल्युअर आठ फुटांवरून जात असेल, तर ते कितीही महागाचं असलं तरी त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

हे तळं नव्हे, बुडालेलं खोरं

चॅटाहूची नदीवरचं ब्युफोर्ड धरण १९५६ साली पुरं झालं आणि त्यामागे हा जलाशय साठला. सुमारे ३८,००० एकर पाणी, धरणाजवळ जवळजवळ दीडशे फूट खोल. त्यासाठी सातशेहून जास्त कुटुंबांना जागा सोडावी लागली. आपल्याकडे उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते कित्येकांनी पाहिलं असेल. तसंच इथेही पाण्याखाली एक आख्खा मुलूख आहे. ओढ्यांची पात्रं, जुने रस्ते, टेकड्यांचे माथे, आणि कित्येक ठिकाणी उभीच्या उभी राहिलेली झाडं.

बास राहतो तो याच मुलखात. सपाट चिखलात तो सहसा थांबत नाही. त्याला उतार लागतो, दगड लागतात, झाडोरा लागतो, आणि जवळ खोल पाणी लागतं. लॅनियरमध्ये आपल्याला मुख्यतः लागतो तो 'स्पॉट', म्हणजे स्पॉटेड बास. शास्त्रज्ञांनी याला २००८ साली अलाबामा बास अशी स्वतंत्र जात ठरवलं, पण घाटावर सगळे अजून स्पॉटच म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. लार्जमाउथचा जबडा मिटलेला असतानाही डोळ्याच्या मागे जातो, याचा जात नाही. शिवाय याच्या जिभेवर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं.

उन्हाळ्यात हा खाली का जातो? वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे तापमान भराभर उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याच्या खूप खाली प्राणवायू कमी होत जातो. म्हणजे वर उकाडा, तळाशी गुदमर, आणि मधल्या माळ्यावर वस्ती. स्पॉटचं आवडतं खाणं म्हणजे ब्लूबॅक हेरिंग हा चंदेरी मासा. त्यालाही गार आणि प्राणवायू असलेलं पाणी लागतं, म्हणून तो जिथे तिथे स्पॉट. हिवाळ्याच्या तोंडावर वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, सगळं पाणी ढवळून निघतं आणि मासे पांगतात. कडक थंडीत ते पुन्हा ओढ्यांच्या खोल पात्रांत गोळा होतात, अगदी चाळीस-पन्नास फुटांवर.

आधी खोली, मग तळ, रंग शेवटी

दुकानात गेलं की आपण रंगापासून सुरुवात करतो. क्रम उलटा हवा.

पहिला प्रश्न: मासे किती फुटांवर आहेत? बोटीवर सोनार असेल तर पडद्यावर दिसतं. नसेल तर नकाशावर उताराच्या रेषा पाहा. जिथे त्या दाटीवाटीने येतात तिथे कडा आहे.

दुसरा प्रश्न: तिथला तळ कसा आहे? दगडी, चिखलाचा, की झाडोऱ्याचा?

तिसरा प्रश्न: मासे तळाला टेकलेले आहेत की मधल्या पाण्यात तरंगताहेत?

या तिन्हींची उत्तरं मिळाली की पेटीतली निम्मी ल्युअर आपोआप बाद होतात.

आता ल्युअर किती खोल गेलं हे कसं कळणार? बोटीजवळ खोली माहीत असेल तिथे ते सरळ खाली सोडा आणि मनात एक, दोन, तीन मोजा. लाइन सैल पडली की तळ आला. वीस फुटांना दहा आकडे लागले, तर एका आकड्याला दोन फूट. हे गणित प्रत्येक वजनाच्या ल्युअरसाठी एकदा करून पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. मी आजही तेच करतो.

पाच ल्युअर पुरे आहेत

१. ड्रॉप शॉट. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. शिसं सगळ्यात खाली, आणि त्याच्या वर फूट-दीड फुटावर बारीक गळ. गळाला चार ते सहा इंची प्लास्टिकचा किडा. पाव ते तीन अष्टमांश औंस शिसं पुरतं. शिसं तळावर टेकलेलं ठेवायचं आणि रॉडचं टोक नुसतं थरथरवायचं, शिसं न हलवता. किडा जागच्या जागी वळवळतो. मासा लागला की जोरात हिसका देऊ नका. गळ बारीक असतो, रील फिरवत ताण आणला की पुरे. झाडोऱ्यावर थांबलेल्या आळशी माशांना याच्याइतकं चांगलं औषध नाही.

२. फुटबॉल जिग. शिशाचं डोकं आडव्या फुटबॉलसारखं, अर्धा ते पाऊण औंसाचं. दगडी तळासाठी. या आकारामुळे ते दगडांच्या फटीत कमी अडकतं आणि दगडावरून गडगडताना क्रॉफिशसारखं दिसतं. रॉड आडवा ओढत तळावरून सावकाश फरपटत आणायचं. दगडाची टकटक हाताला जाणवली पाहिजे. ती थांबली आणि जरा जड, लिबलिबीत वाटलं, तर बहुधा मासा आहे.

३. कॅरोलिना रिग. लांबरुंद उतार विंचरून काढायचा असेल तर हे. पाऊण ते एक औंसाचं शिसं, मग मणी, मग स्विव्हल, आणि पुढे दोन ते चार फूट मोकळ्या लाइनवर प्लास्टिकचा सरडा किंवा किडा. शिसं तळ चाचपत पुढे जातं आणि मागून आमिष तरंगत येतं. तळाचा नकाशा शिकायला याच्यासारखा मास्तर नाही.

४. जिगिंग स्पून. चमच्यासारखा धातूचा जड तुकडा, अर्धा ते पाऊण औंसाचा. थंडीत खोल पात्रांत सरळ खाली सोडायचा, दोन-तीन फूट उचलायचा आणि पडू द्यायचा. पडताना लाइन पूर्ण ढिली सोडू नका, कारण मासा बहुतेक वेळा पडत्या स्पूनवरच झडप घालतो. झाडात अडकला तर ओढू नका. लाइन ढिली करून रॉड हलवा, स्पूनच्याच वजनाने तो बरेचदा सुटतो.

५. खोल जाणारं क्रँकबेट. पुढे लांब, रुंद जीभ असलेलं. ओढलं की डोकं खाली घालून बुडी मारतं. खोक्यावर लिहिलेली खोली लांब फेक आणि बारीक लाइन धरून लिहिलेली असते. जाड लाइन लावली किंवा फेक आखूड पडली, तर ते तेवढं खाली जाणारच नाही. चिकट चिखलात त्याचा काही उपयोग नाही. दगडावर किंवा झाडाच्या खोडावर आपटून ते एकदम दिशा बदलतं, त्या क्षणी मासा चिडून धरतो. तळ वीस फुटांवर आणि क्रँकबेट बारा फुटांचं असेल, तर ते पेटीतच राहू द्या.

मासे तळाशी नसून मधल्या पाण्यात हेरिंगच्या मागे असतील, तर शिशाच्या डोक्याचं तीन-चार इंची स्विमबेट घ्या. आकडे मोजत त्या खोलीपर्यंत सोडा आणि एकाच संथ गतीने ओढा.

लाइन आणि रंग

खोल पाण्यात साधी नायलॉनची लाइन रबरासारखी ताणते. चाळीस फुटांवर माशाने तोंड लावलं तरी हाताला पत्ता लागत नाही. म्हणून रीलवर न ताणणारी ब्रेड, आणि पुढे सहा ते आठ पौंडांचं सहा-सात फूट फ्लुरोकार्बन. ते पाण्यात कमी दिसतं आणि नायलॉनपेक्षा जड असल्याने बुडतं. ही जोडी ड्रॉप शॉटसाठी. जिग आणि क्रँकबेटला दहा-बारा पौंडांचं फ्लुरोकार्बन.

रंगाचं म्हणाल तर पाण्यात तांबडा रंग सगळ्यात आधी विझतो. दुकानात झगझगणारा लाल किडा तीस फुटांवर काळपट दिसतो. स्वच्छ पाण्यात तळासाठी हिरवट-तपकिरी, हेरिंगसाठी पांढरा किंवा चंदेरी. पावसानंतर पाणी गढूळ झालं की गडद काळा-निळा. एवढ्या तीन पुड्या घेतल्या की वर्ष निघतं.

वर आलेल्या माशाचं काय?

हा भाग कृपया गाळू नका. ल्युअर कुठलं हे शिकायला मला एक वर्ष लागलं, आणि हे कळायला त्यापेक्षा जास्त.

जानेवारीतली सकाळ. माझी नऊ वर्षांची मुलगी बरोबर होती. पंचेचाळीस फुटांवर स्पून सोडला आणि सुरेख स्पॉट लागला. फोटो काढले, आणखी काढले, मग तिने स्वतःच्या हाताने तो पाण्यात सोडला. मासा कुशीवर पडून तरंगत राहिला. शेपटी हलवत होता, पण खाली जाता येत नव्हतं. सीगल घिरट्या घालू लागले. ती म्हणाली, "बाबा, आपण सोडला ना त्याला? मग तो जात का नाही?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. बासच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो पाण्यात समतोल राखतो. दर तेहतीस-चौतीस फुटांना पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे तेवढ्या खोलीवरून मासा वर आणला की पिशवीतली हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. पंचेचाळीस फुटांवरून दुपटीहूनही जास्त. बासच्या पिशवीला घशाकडे वाट नाही, ती हवा चटकन बाहेर टाकता येत नाही. मग पोट फुगतं, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडात येतं. अशा माशाला नुसतं पाण्यात सोडणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे.

तेव्हापासून आमच्या बोटीवर चार नियम आहेत.

पकडून सोडायचं असेल, तर तीस फुटांपेक्षा खाली ल्युअर टाकायचं नाही.

त्याहून खोल जायचं ते फक्त खायला मासा हवा असेल तेव्हा. किती न्यायचे हे घरून निघतानाच ठरवायचं. तेवढे झाले की मासे कितीही लागत असले तरी वरच्या पाण्यात यायचं किंवा घरी जायचं. स्पॉट खायला चांगला लागतो. आलं-लसूण, आगळ आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर परतला तर पाहुणे हाडं मोजत बसतात.

मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ. एक फोटो, बस.

चुकून खोलवरचा मासा लागलाच आणि सोडायचा झाला, तर वजन लावलेल्या चिमट्याने त्याला परत खाली पोचवायचं. काही जण सुईने हवा काढतात. ते जाणकाराकडून हातोहात शिकल्याशिवाय करू नये, आतलं काही फाटलं तर मासा गेलाच.

जाण्याआधी

जॉर्जियात सोळा वर्षं आणि वरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. किती मासे आणि किती इंचांचे ठेवता येतात, तसंच कुठल्या जलाशयातले किती खावेत, हे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या चालू वर्षाच्या पत्रकात वाचून घ्या. चालत्या बोटीत तेरा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट कायद्यानेच घालावं लागतं. मोठ्यांनीही घालावं. खाली झाडं उभी आहेत, पाणी एकदम खोल होतं, आणि पोहता येतं म्हणणाऱ्यांनाही या पाण्याने दगा दिला आहे.

पहिल्या दिवशी पेटीत ड्रॉप शॉटचं सामान, दोन फुटबॉल जिग आणि एक स्पून एवढंच ठेवा. ल्युअर टाकण्याआधी आकडे मोजा. आणि कोणी विचारलं, "किती फुटांवर?" तर आकडा सांगता आला पाहिजे.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. सुट्टीत आली की आम्ही जातो. सोनारवर अठ्ठावीसचा आकडा दिसला की तीच म्हणते, "बाबा, बस. इथेच टाकू या."