प्रवेश एकाचा, संसार सगळ्यांचा

तिशी ओलांडल्यावर, घरात एक-दोन लहान मुलं असताना परदेशी शिकायला निघणारे आईबाबा आता बरेच दिसतात. कुणी नोकरी सोडून मास्टर्सला जातं, कुणी शिकवता शिकवता पीएच.डी.साठी. माझ्याशी बोलायला येतात तेव्हा विद्यापीठ ठरलेलं असतं, कर्जाचा हिशेबही झालेला असतो. अडलेलं असतं ते एकाच ठिकाणी : सगळ्यांना घेऊन जाऊ, की एकट्याने जाऊ?

मी स्पष्टच सांगते. वर्षभराचा अभ्यासक्रम असेल तर एकट्याने जा. पीएच.डी. असेल तर घर बरोबर न्या, पैशांची ओढाताण झाली तरी न्या. चार-पाच वर्षं म्हणजे मुलाचं अख्खं प्राथमिक शिक्षण. तेवढा काळ व्हिडिओ कॉलवरचा बाबा किंवा आई पुरत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचा निर्णय अवघड, आणि तो बराचसा त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतो.

कायदा आधी बघा म्हणते, ते यासाठी की गेल्या दोन-तीन वर्षांत तो झपाट्याने बदलला आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या नेहमीच्या मास्टर्सला जोडीदार आणि मुलांना बरोबर नेताच येत नाही. ती सोय आता मुख्यतः पीएच.डी. आणि संशोधनावर आधारित पदव्यांपुरती उरली आहे. नेता आलं तरी आरोग्यसेवेचा अधिभार दर माणशी दर वर्षाला ७७६ पौंड, तोही व्हिसाच्या अर्जासोबत सगळ्या वर्षांचा एकदम. चौघांचे चार वर्षांचे मिळून बारा हजार पौंडांच्या वर जातात, आणि विमानाची तिकिटं अजून काढायचीच असतात. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाचा खुला परवाना हवा असेल, तर मास्टर्सचा अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा लागतो, पीएच.डी. आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्यांना तो मिळतो. चुलतभाऊ २०२२ मध्ये बायकोला घेऊन गेला होता, म्हणून आपल्यालाही जमेल, असं धरून चालू नका. त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर आजचा नियम स्वतः वाचा.

अमेरिकेचं मला जवळून ठाऊक आहे. तिथे विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर जोडीदाराला मिळतो एफ-२. त्यावर नोकरी करता येत नाही. पूर्ण वेळ पदवीही घेता येत नाही. अर्धवेळ काही शिकता येतं, एवढंच. मुलांना मात्र सरकारी शाळेत बारावीपर्यंत पूर्ण वेळ शिकता येतं. नवऱ्याच्या पीएच.डी.च्या निमित्ताने एका लहान विद्यापीठगावात मी राहिले, तेव्हा आमच्या इमारतीत सोलापूरकडची एक दंतवैद्य होती. चालता दवाखाना बंद करून आलेली. घरात गाडी एक, ती नवरा प्रयोगशाळेत न्यायचा. बस तासाला एक. डिसेंबरात साडेचार-पाचलाच अंधार पडायचा. शाळेची पिवळी बस दुपारी यायची, तिच्यासाठी आम्ही बायका कोपऱ्यावर उभ्या राहायचो. ‘‘ताई, सकाळपासून मी आत्ता पहिल्यांदा कुणाशी तरी बोलतेय,’’ असं ती एकदा म्हणाली. रडत नव्हती, साधं सांगत होती. नवरा चांगला, सासरचं कुणी त्रास देणारं नाही, मुलगा शाळेत रमलेला. तरी तिचा दिवस रिकामा होता, आणि त्या रिकामपणाने ती आतून खचत चालली होती. पुढे तिने गावातल्या ग्रंथालयात मुलांच्या गोष्टीच्या तासाला मदत करायला सुरुवात केली, दंतवैद्यकाच्या तिथल्या परीक्षेची पुस्तकं आणली, गाडी चालवायला शिकली. त्यानंतर ती सावरली. पण निघण्याआधी कुणी तिला विचारलं नव्हतं, की तू तिथे दिवसभर काय करणार.

हे विचारायलाच हवं. बरोबर येणारी बहुतेकदा बायको असते आणि आपल्याकडे ‘ती काय, मुलांना बघेल’ एवढ्यावर विषय संपतो. व्हिसाचा प्रकारसुद्धा तिच्या बाजूने बघा. अमेरिकेतच जे-१ वर गेलेल्यांच्या जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र त्यातल्या काहींना शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याचं बंधन असतं. जर्मनीत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला नोकरीची मुभा आहे, पण व्हिसासाठी साधारणपणे ए-१ पातळीचं जर्मन यावं लागतं. मग तो वर्ग दोघांनी पुण्यातच, निघायच्या सहा-आठ महिने आधी का लावू नये? जर्मनीचं आणखी एक : विद्यार्थ्यांचा सवलतीचा सरकारी आरोग्यविमा तिशीपर्यंतच असतो. संसार घेऊन निघणारे बहुतेक जण तिशी ओलांडलेले असतात, त्यांनी हा खर्च आधीच धरावा.

आता मुलांविषयी. चार-पाच वर्षांचं मूल नव्या भाषेच्या वर्गात गेलं की कित्येकदा काही आठवडे, कधी काही महिने, तिथे तोंडच उघडत नाही. ऐकत असतं, साठवत असतं. आईबाबा घाबरतात आणि घरातही इंग्रजी सुरू करतात. कृपा करून तसं करू नका. बाहेर सगळं अनोळखी असताना घरातली बोलीही काढून घेतली, तर त्या जिवाने राग, भीती, भूक सांगायची कुणाला? घरी मराठीच बोला. शाळेची भाषा शाळा शिकवेल. आणि परतायचा विचार असेल तर देवनागरी वाचणं-लिहिणं सुटू देऊ नका. २०२० च्या कायद्यानंतर महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. चौथीत परतलेल्या मुलाला बाकी सगळं येतं आणि ‘क्ष’ काढता येत नाही म्हणून ते वर्गात मान खाली घालून बसतं, हे मी पाहिलं आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. जवळ असेल तर जरूर घाला.

निघण्याआधी मुलांच्या लसीकरणाचं कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे बसा. जर्मनीत मार्च २०२० पासून गोवराच्या दोन डोसांचा पुरावा दाखवल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत, आणि शाळाही तो मागते. अमेरिकेतल्या शाळा कांजिण्यांची लस मागतात, जी आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. आणि नावं तपासा. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, विवाह नोंदणीचा दाखला सासरच्या नावाचा आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं तिसरंच नाव, हे आपल्याकडे सर्रास असतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून प्रवेशपत्र येण्याची वाट न बघता कामाला लागा.

नेणार असाल तरी सगळे एकाच विमानाने जाऊ नका, असं मी आग्रहाने म्हणते. शिकणाऱ्याने तीन-चार महिने आधी जावं, घर शोधावं, शाळा बघावी, थंडी कशी असते ते अनुभवावं. मग बाकीच्यांना बोलवावं. भाड्याच्या तात्पुरत्या खोलीत, परीक्षेच्या आठवड्यात, जेट लॅगने रात्री दोनला जागं झालेलं मूल सांभाळणं फार जड जातं.

१८८३ साली आपल्याच दोन स्त्रियांनी या प्रश्नाची दोन उत्तरं दिली. आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागे ठेवून एकट्या अमेरिकेला गेल्या. पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. दोघींनाही लोकांनी नावं ठेवली. तुम्हालाही ठेवतील. मुलाला सोडून गेलेल्या आईला जास्त ठेवतील, हे मला अजूनही डाचतं. मूल सहा वर्षांचं आहे, बाबा समंजस आहे, आजी घरात आहे आणि अभ्यासक्रम वर्षाचा आहे, तर आईने निर्धास्त जावं. रोज ठरलेल्या वेळी फोन करावा, आणि येण्याची तारीख मुलाला कॅलेंडरवर दाखवून ठेवावी.

तेव्हा अर्ज भरण्याआधी एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. मुलांनाही बसवा; सहा वर्षांच्या मुलालाही शाळा, मित्र, मांजर सुटणार हे कळतं आणि त्यावर त्याचं म्हणणं असतं. जोडीदाराला विचारा, ‘तिथे तुझं काय?’, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आजी-आजोबांनाही निर्णय होत असतानाच सांगा, तिकिटं काढल्यावर सांगू नका.