पाणी दारातलं, दुखणं कागदाचं

प्रश्न : माळशेज घाटात पाऊस लागला की माझ्या जुन्या मारुती ८००च्या दारातून पायाशी पाणी येतं. दाराचं आतलं पॅनल घरी काढलं तर मोडेल का?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : घाई केलीत तरच मोडेल. आधी आर्मरेस्टचे आणि कडीचे स्क्रू काढा. काचेच्या हँडलमागची तारेची क्लिप फडक्याची पट्टी मागून घासत ओढली की सुटते. ती उडून हरवते, म्हणून समोर हात धरा. मग खालच्या कोपऱ्यापासून, प्रत्येक क्लिपच्या अगदी लगत, प्लास्टिकची पट्टी सरकवा. स्क्रूड्रायव्हर नकोच. पॅनलचा हार्डबोर्ड भिजून फुगला असेल तर क्लिपची भोकं फाटतात. तिथे मागून पातळ प्लायचा तुकडा चिकटवा. दारात पाणी शिरणारच, ते तळाच्या भोकांतून वाहून जातं. भोकं चिखलाने बुजली आहेत का आणि पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद सुटला आहे का, तेवढं नीट पाहा.