गच्चीवरील पाण्याचा हिशेब

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात महाड तालुक्यावर दरडींचा घाला पडला. तळ्यासारख्या कोकणातील गावी इमारतीच्या छपराचा विचार या अनुभवातूनच करावा लागतो.

हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटर गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, अर्थात 10 टन भार. निचऱ्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की हे पाणी कठड्याच्या आत साठते, स्लॅबमध्ये झिरपते, सळया गंजवते व वायरिंगपर्यंत पोहोचल्यास खाटेवरील रुग्णास धोका संभवतो. शिवाय साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

यास्तव मेअखेर गच्ची व पन्हळी स्वच्छ कराव्यात, पाइपात पाणी सोडून पाहावे, तोंडावर उंचवट्याची जाळी बसवावी. पावसाळ्यात दर आठवड्यास व प्रत्येक वादळानंतर पुन्हा पाहणी करावी. कचरा पाइपात न लोटता टोपलीत भरावा.

देणगीदारांनी दिलेला रुपया गळती बुजविण्यात न जाता औषधोपचारांसाठी उरावा, हाच या दक्षतेमागील आमचा हेतू आहे.