तुषार संचाची तोटी बदलण्यापूर्वी दाब तपासा

उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटताना पाण्याचा ताण पडल्यास उत्पादनात घट येते. तुषार संच चालवूनही शेतात कोरडे पट्टे राहत असतील, तर लगेच नवीन तोट्या विकत आणू नयेत. पुष्कळदा दोष तोटीत नसून दाबात असतो. म्हणून तपासणी पंपापासून सुरू करून शेवटच्या तोटीपर्यंत करावी.

दाबाची तपासणी : मध्यम दाबाच्या तोट्यांना साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला २ ते ४ किलो दाब लागतो. दाब कमी असल्यास मोठे थेंब पडतात आणि तोटीपासून काही अंतरावर कड्यासारखा ओला पट्टा दिसतो. दाब जास्त असल्यास पाण्याचे धुके होऊन ते वाऱ्याने उडते. उपनळीवरील पहिल्या व शेवटच्या तोटीच्या दाबात २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा.

दाब कमी असल्यास : फूटव्हॉल्व्हची व गाळणीची जाळी धुवावी. एकाच वेळी जादा तोट्या चालू असल्यास काही बंद कराव्यात. सांधा गळत असल्यास पंप बंद करून रबरी रिंग काढावी, खाचेतील वाळू पुसावी व रिंग सुलट बसवावी. चिरलेली रिंग बदलावी. नळ्या हलविताना आडव्या धराव्यात. विजेच्या तारांखाली उभ्या करू नयेत.

तोटी फिरत नसल्यास : उभी नळी सरळ आहे का, नोझलमध्ये कचरा आहे का ते पाहावे. कचरा लाकडी काडीने काढावा. तारेने छिद्र मोठे होते. तोटीला तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याला वाळू चिकटून झीज होते. पाणी हेच तिचे वंगण आहे. झिजलेले नोझल मात्र बदलावे.

खात्री करून घ्या : वारा शांत असताना चार तोट्यांमधील जागेत ३-३ मीटरवर सरळ काठाचे सारखे डबे ठेवावेत. संच तासभर चालवून प्रत्येक डब्यातील पाणी पट्टीने मोजावे. पाणी जवळपास सारखे भरले, तर दुरुस्ती झाली असे समजावे. ही तपासणी आऱ्या सुटण्यापूर्वीच उरकावी.