शरीरातील गोळी आणि समरूप त्रिकोण

"सर, समरूप त्रिकोणांचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. त्याचे एक उत्तर बेल्जियममधील होगस्टाड या लहानशा गावात सापडते. पहिल्या महायुद्धात आघाडीपासून काही किलोमीटरवर तेथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. 1915 साली तेथील क्ष-किरण यंत्र चालवीत होती मेरी क्यूरी यांची कन्या आयरीन. त्याच सप्टेंबरात तिला अठरावे वर्ष पूर्ण झाले!

सैनिकाच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा रुतला आहे. क्ष-किरण चित्रात त्याची छाया उमटते. पण छाया सपाट. तुकडा किती खोल आहे हे तिच्यावरून कसे कळणार? अंदाजाने जखमेत चाचपडत राहावे, तर ती चिघळण्याची भीती. प्रतिजैविक औषधे तेव्हा नव्हतीच.

उपाय असा. समजा, क्ष-किरण नळी फोटोच्या काचेपासून 60 सें.मी. उंच आहे. एक चित्र घ्यावे. मग रुग्णाला मुळीच न हलविता नळी 10 सें.मी. बाजूला सरकवून दुसरे घ्यावे. छाया उलट दिशेला सरकेल. समजा, ती 2 सें.मी. सरकली. आता आकृती काढा. तुकड्याच्या वर एक त्रिकोण, पाया 10. खाली दुसरा, पाया 2. दोन्ही समरूप, म्हणून त्यांच्या उंचींचे गुणोत्तरही 5:1. 60 चे भाग पडले 50 आणि 10. म्हणजे तुकडा काचेपासून 10 सें.मी. वर आहे. काचेवर टेकलेली मांडी 16 सें.मी. जाड असेल, तर वरून तो 6 सें.मी. खोल.

एका बेल्जियन लष्करी डॉक्टरांना हे भूमितीचे गणित पटेना. आयरीनने दाखविलेली बाजू सोडून ते तुकडा जिथून शिरला तेथूनच शोधत राहिले. हाती काही लागेना. अखेर तिने सांगितलेल्या बाजूने गेले, आणि तुकडा लगेच मिळाला.

या किरणांपासून बचावाची साधने त्या काळी फारच तोकडी होती. आयरीन 1956 साली रक्ताच्या कर्करोगाने वारली. आयुष्यभर शरीराने झेललेली प्रारणे त्याला कारण झाली, असे मानले जाते.

तुमच्या प्रयोगाला मात्र धोका नाही. अंधाऱ्या खोलीत कागदापासून 60 सें.मी. उंचीवर लहान विजेरी धरा, मध्ये दोऱ्याला मणी टांगा. विजेरी 10 सें.मी. सरकवा, सावलीचे सरकणे मोजा, आणि मण्याची उंची आधी गणिताने काढा. पट्टी नंतर लावा!