नांगर टाकायच्या आधी

ग्रीसच्या आयोनियन समुद्रात अटोकोस नावाचं निर्मनुष्य बेट आहे. त्याच्या पूर्वेला पांढुरका कडा, कड्याखाली गोट्यांचा किनारा आणि किनाऱ्यावर एकच दगडी घर. तिथल्या खाडीला सगळे 'वन हाउस बे' म्हणतात. शिडाच्या बोटी भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिरातींत तिचा फोटो हमखास दिसतो: नितळ पाणी आणि मधोमध एकटीच बोट. फोटो खोटा नसतो, पण तो सकाळी सातचा असतो. आम्ही पोचलो दुपारी एकला. सहलीच्या बोटी, भाड्याच्या स्पीडबोटी, तीन वेगवेगळी गाणी, आणि पर्यटकांच्या हातचं खायला पाण्याच्या कडेपर्यंत आलेली डुकरं. दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, खाडीच्या तोंडाशीच सुकाणू फिरवलं. "इथे पाचनंतर यायचं असतं," एवढंच म्हणाला.

निसर्गासाठी आणि निवांतपणासाठी म्हणून पहिल्यांदा बोट घेणारे आता मला विचारतात, की तिकडच्या शांत जागा कुठल्या? जागांची यादी कुणीही देईल. रॉड हायकेल यांचं त्या भागाचं पायलट पुस्तक जवळजवळ प्रत्येक बोटीवर असतं आणि त्यात एकूण एक खाडी नकाशासह दिली आहे. म्हणजे तुम्हाला सापडलेली गुप्त खाडी शेजारच्या बोटीलाही सापडलेलीच आहे. खरं नियोजन वेळेचं करायचं, आणि त्यासाठी तिथला वारा समजून घ्यावा लागतो.

लेफ्कादा, मेगानिसी, कालामोस, कास्तोस आणि इथाका ही बेटं एकमेकांच्या आडोशाला आहेत. एका मुक्कामापासून दुसरा पाच ते दहा सागरी मैलांवर, भरती-ओहोटी नगण्य. एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्तेमी वारा दिवसेंदिवस झोडपतो, तसा प्रकार इथे सहसा नसतो, म्हणून नवख्यांना हा भाग सुचवतात आणि ते बरोबरच आहे. उन्हाळ्यात सकाळी समुद्र तव्यासारखा सपाट. दुपारी वायव्येकडून 'माइस्त्रो' सुरू होतो, चार-पाचपर्यंत १५ ते २० नॉटवर जातो आणि सूर्य मावळला की पडतो. आता बहुतेकांचा दिनक्रम बघा. आरामात नाश्ता, मग पोहणं, वारा आला की शिडं वर, मनसोक्त प्रवास आणि साडेपाच-सहाला खाडीत. सगळेच तसं करतात, त्यामुळे सहा वाजता प्रत्येक चांगल्या खाडीत वाहनतळावर असते तशी चढाओढ असते.

यातून मार्ग असा, की शिडाचा दिवस वेगळा आणि खाडीचा दिवस वेगळा ठेवायचा. खाडीच्या दिवशी सकाळी सातला निघायचं, इंजिनावर पाच-सहा मैल जायचं आणि दहाच्या सुमाराला, आदल्या रात्रीच्या बोटी बाहेर पडत असताना, जागा धरायची. मग दिवसभर हलायचं नाही. शिडाच्या दिवशी माइस्त्रो अंगावर घ्या, लांब जा, पण मुक्काम गावाच्या धक्क्यावर ठेवा: इथाकावरचं कियोनी, कास्तोसचं छोटं बंदर. तिथे जेवण मिळतं आणि शांततेची अपेक्षाच नसते. अटोकोससारख्या सहलीच्या वाटेवरच्या जागा मात्र उलट, संध्याकाळी गाठायच्या. त्याही हवा स्थिर असेल तरच, कारण ती खाडी पूर्वेला उघडी आहे. रात्री तिकडून वारा उठला तर उठून निघण्याची तयारी हवी.

हे वेळापत्रक न पाळल्याचा एक नमुना सांगते. मेगानिसीच्या उत्तर किनाऱ्याला हाताच्या बोटांसारख्या खाड्या आत शिरल्या आहेत. माइस्त्रो इतका सुरेख लागला होता, की शिडं उतरवायला कुणी तयार होईना. आम्ही तिथे शिरलो तेव्हा उन्हं कलली होती आणि पाच-सहा मीटर खोलीची वाळूची जागा भरून गेली होती. उरलं ते बारा मीटर पाणी. नांगर धरायचा तर साखळी तिच्या वजनाने तळाशी आडवी पडायला हवी, म्हणून खोलीच्या चार-पाच पट सोडतात. बारा मीटरला साठ मीटर. बोट ताब्यात देणाऱ्या माणसाने "साठ मीटर आहे" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. यंत्रावरून साखळी खडखडत गेली, दर दहा मीटरवरच्या रंगाच्या खुणा पार झिजलेल्या, आणि साधारण चाळीसच्या अंदाजाला शेवटी बांधलेला दोर दिसला. साखळी संपली. तेवढ्यात जवळच्या बोटीवरच्या एका जर्मन आजोबांनी दोन्ही हात वर करून आमच्याकडे असं पाहिलं, की दादाने काही न बोलता नांगर उचलला. ती रात्र वाथी गावाच्या धक्क्यावर गेली, बूझूकी वाजवणाऱ्या हॉटेलच्या समोर, रात्री दीडपर्यंत.

तेव्हा ताब्यात घेतानाच नांगराचं झाकण उघडायला लावा. साखळीचं दुसरं टोक बघा, खुणा कुठल्या रंगाच्या आणि किती अंतरावर ते लिहून घ्या. शनिवारी संध्याकाळी पाचला तो माणूस घाईत असतो, त्याच्या हातात आणखी चार बोटी असतात. त्याला घाईत राहू द्या, आपण सह्या करायची घाई करू नये. शौचालयाच्या टाकीची झडप बंद होते का, डिंगीचं, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीचं, इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होतं का आणि किनाऱ्याला बांधायचे लांब दोर किती आहेत, हेही तेव्हाच बघायचं. चाळीस-पन्नास मीटरचे दोन दोर हवेतच. तिथल्या पुष्कळ खाड्या काठालगतच एकदम खोल होतात. पुढून नांगर टाकून मागचं टोक दोराने किनाऱ्याला बांधलं, की चिंचोळ्या जागेतही बोट गरगरत नाही. दोर खडकाला बांधा. कालामोसचे पाइन पाण्यापर्यंत उतरलेले आहेत आणि मोह होतो, पण रात्रभर बोटीच्या हिसक्यांनी झाडाची साल सोलून निघते.

आता नांगर कुठे टाकायचा. दुसऱ्या एका खाडीत मी दादाला विचारलं, "अरे, इथे मोकळं आहे की!" तो म्हणाला, "खाली बघ. काळं दिसतंय ना?" फिक्या निळ्या पाण्याखाली वाळू असते. गडद डाग म्हणजे बहुधा पोसिडोनिया. ही शेवाळ नव्हे, मुळं, पानं आणि फुलं असलेली वनस्पती आहे. माशांची पिल्लं तिच्यात वाढतात, तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते आणि ती पसरते वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर. युरोपीय संघाच्या १९९२च्या अधिवास निर्देशात तिच्या कुरणांना प्राधान्याचं संरक्षण आहे. नांगराने एकदा ओरबाडलेलं कुरण आपल्या हयातीत भरून येईल याची खात्री नाही. आणि ज्याला निसर्गाचं सोयरसुतक नाही त्यानेही तिथे नांगर टाकू नये, कारण तो धरत नाही. माझा मुलगा मास्क लावून शेजारच्या एका बोटीचा नांगर बघून आला. म्हणाला, "मामा, नुसता आडवा पडलाय, पानांवर." वारा नव्हता म्हणून ती बोट जागेवर होती, एवढंच. आपला नांगर पोहत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, हे काम मुलांना द्यावं. ती ते चोख करतात.

निसर्ग बघायला जायचं म्हणजे अपेक्षाही ताळ्यावर ठेवायला हव्यात. कालामोसच्या आसपास १९९६मध्ये संशोधकांना सुमारे १५० सामान्य डॉल्फिन दिसत. २००७पर्यंत ते १५ वर आले. मुख्य कारण अतिमासेमारी: सार्डिन आणि अँचोवी जाळ्यांनी उपसल्यावर डॉल्फिन खाणार काय? त्यामुळे मुलांना डॉल्फिनचं वचन देऊन नेऊ नका. दिसले तर इंजिनाचा वेग तोच ठेवा, दिशा तीच ठेवा आणि यायचं असेल तर त्यांना येऊ द्या.

भूमध्य समुद्रातला मंक सील याच बेटांच्या गुहांमध्ये विसावतो आणि शरद ऋतूत तिथेच पिल्लं देतो. एके काळी तो संपतो की काय अशी परिस्थिती होती. जतनाच्या कामाला यश येऊन २०२३मध्ये लाल यादीत तो 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खाली 'असुरक्षित' गटात आला. पण त्याची माणसांना भेटायची इच्छा वाढलेली नाही. पूर्वी तो उघड्या किनाऱ्यावर लोळत असे, गुहांत शिरला तो माणसाच्या त्रासामुळे. आता डिंग्या आणि पोहणारे गुहांतही शिरतात. कास्तोसच्या पश्चिमेला फोर्मिकुला नावाचं टिकलीएवढं बेट आहे. तिथे सीलच्या मागे इतकी झुंबड उडू लागली, की भोवतीच्या २०० मीटरमध्ये बोटींना मज्जाव करावा लागला. गुहेच्या तोंडाशी आपलं काही काम नसतं, असं मी मुलांना सांगून टाकलं. आम्हाला सील दिसला नाही. वहिनीला याची अजून हळहळ आहे, मला नाही.

दिसलं ते वेगळंच. कालामोसच्या दक्षिण टोकाला पोर्ट लिओने हे ओस पडलेलं गाव आहे. १९५३च्या ऑगस्टमधल्या भूकंपाने केफालोनिया, झाकिंथोस, इथाका हा सगळा टापू उद्ध्वस्त केला. त्यानंतर इथलं पाणी गेलं आणि माणसं उठून गेली. छपरं नसलेल्या घरांतून झाडं वर आली आहेत, तेलाच्या घाण्याचे अवशेष आहेत, चर्च तेवढं नीटनेटकं राखलेलं आहे. दहाला पोचल्यामुळे हवी ती जागा मिळाली. रात्री स्कॉप्स घुबडाची ठरावीक अंतराने येणारी एकसुरी शीळ सुरू झाली आणि ती पहाटेपर्यंत थांबली नाही.

ती ऐकू आली कारण आमचा स्वतःचा आवाज बंद होता. हा मुद्दा नाजूक आहे, पण लिहिते. आपल्याकडे सहल म्हणजे गाणी, भेंड्या आणि एकमेकांना हाका. पाण्यावरून आवाज कुठल्या कुठे जातो. रात्री दहानंतर डेकवरचं साधं बोलणंही पलीकडच्या बोटीवर शब्दन्शब्द कळतं, हे आम्ही इटालियन कुटुंबाचं अख्खं भांडण ऐकून शिकलो. बॅटरी भरायला इंजिन चालवायचं ते सकाळी प्रवासात चालेलच, खाडीत बसून नको. शौचालयाची टाकी खाडीत सोडायची नाही हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

पाणी हा दुसरा प्रश्न. चाळीस फुटांच्या आतबाहेरच्या बोटीत तीन-चारशे लिटर मावतं आणि आपली भांडी तेलकट असतात. कुकर न्या, खिचडी-भात एका भांड्यात होतो. फोडणीचे उपद्व्याप कमी करा. भाजणीचं पीठ न्यायला हरकत नाही. शाकाहारी माणसाची किनाऱ्यावर उपासमार होत नाही: टोमॅटोच्या रश्शातला मोठा घेवडा, पालक भरलेली पेस्ट्री, फेटा घातलेली कोशिंबीर सगळीकडे मिळते. ऑगस्टच्या सुमाराला गांधीलमाशा जेवणावर झडप घालतात. तिथले लोक वाटीत कोरडी कॉफीची पूड जाळून धुमसत ठेवतात. बऱ्यापैकी उपयोग होतो.

महिना? मे-जून किंवा सप्टेंबर. आपल्या मुलांच्या सुट्टीमुळे मे सोयीचा, गर्दी कमी, डोंगर अजून हिरवे. फक्त पाणी गार असतं, कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला चांगलंच गार. सप्टेंबरात पाणी ऊबदार, पण महिन्याच्या उत्तरार्धात हवामानावर डोळा ठेवायचा. १७ आणि १८ सप्टेंबर २०२०ला 'इआनोस' हे भूमध्य चक्रीवादळ याच बेटांवर आदळलं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्किपरशिवाय, म्हणजे भाड्याच्या कप्तानाशिवाय, बोट घ्यायची तर ग्रीसमध्ये मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेला एक आणि बोटीची माहिती असलेला दुसरा माणूस लागतो. दादाकडे आरवायए या ब्रिटिश संस्थेचं 'डे स्किपर' प्रमाणपत्र होतं, तो साउदम्प्टनला राहतो, वहिनीही शिकलेली आहे. खडकवासल्याला किंवा गोव्यात छोट्या शिडाच्या होडीवर शिकलेल्यांनी पैसे भरण्यापूर्वी आपला कागद कंपनीला पाठवून लेखी होकार घ्यावा. नसेल तर स्किपर भाड्याने घ्या. त्याला झोपायला जागा आणि जेवण द्यावं लागतं, पण कुठली खाडी केव्हा रिकामी होते हे त्याला तोंडपाठ असतं. पहिल्या वेळी मी तेच सुचवेन. बरेच जण सुचवतात त्या फ्लोटिलात, म्हणजे ताफ्याबरोबरच्या प्रवासात, मदत भरपूर मिळते. मात्र संध्याकाळी दहा-बारा बोटी एकाच ठिकाणी उतरतात, तेव्हा शांततेसाठी निघालेल्यांचा तिथे हिरमोड होतो. बोट लहान घ्या. कॅटमरान ऐसपैस खरी, पण छोट्या खाडीत तिची रुंदीच अडते. छत्तीस-अडतीस फुटी बोटी आधी संपतात, म्हणून मेसाठी दिवाळीच्या आसपास बुकिंग करून ठेवावं आणि व्हिसाची तारीख लगेच बघावी.

आणि आठवडा म्हणजे सात दिवस धरू नका. शनिवारी संध्याकाळी बोट मिळते, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती कंपनीच्या तळावर परत हवी असते. शेवटचा मुक्काम तळापासून दोन तासांच्या आत ठेवा. शुक्रवारी चारनंतर डिझेलच्या धक्क्यापुढे बोटींची रांग लागते, आणि त्याच वेळी माइस्त्रो भरात असतो. आडव्या वाऱ्यात, काही हजार युरोंची अनामत अडकलेली असताना, दुसऱ्याच्या बोटीला न घासता तिथे उभं राहणं जिकिरीचं आहे. दोनच्या आत डिझेल भरून घ्या.